आवृत्ती तीनचा पुडा

ऋषी नन्नावरेंच्या नातीचं जावळ काढलं ते साल २०४६. फेब्रुवारीचा महिना होता. सिंदेवाहीच्या त्यांच्या अंगणात मांडवाखाली पन्नास-साठ माणसं जमली होती. एका बाजूला न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता, दुसऱ्या बाजूला टेबलावर संगणक मांडून दवाखान्याची आशाताई बसली होती. साठीपुढच्या प्रत्येकाने पंगतीआधी तिच्यासमोर दहा मिनिटं बसायचं, असा आता रिवाजच पडला होता. लग्न असो, जावळ असो की तेरवी असो. पूर्वी गावात रक्तदाब मोजायला बसत, तसंच.

दहा मिनिटांत करायचं काय, तर ‘डोंगा’ खेळायचा. पडद्यावर नदी, नदीत लाकडाचा डोंगा आणि हातात वल्ह्याच्या मुठीसारखी एक दांडी. दांडी वळवाल तसा डोंगा वळतो. हा खेळ कोण्या कंपनीचा नव्हता. जगभरच्या लोकांनी मिळून तो लिहिला होता. ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा. प्रत्येक खेळाची एक छोटी नोंद मागे राहत असे, तिला इकडे सगळे वल्हेनोंद म्हणत. त्या नोंदीत चित्र नसतं. हात कोणत्या क्षणी किती हलला एवढंच असतं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

कंपवात दिसायला लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच तो हाताच्या हालचालीत शिरलेला असतो, हे डॉक्टरांना अशा नोंदींवरूनच कळलं होतं. दवाखान्यातला ‘हस्तवाचक’ हा प्रोग्राम जुना खेळ पुन्हा चालवून बघे. नदीने डोंग्याला किती ओढलं ते वजा करी. उरे तो निव्वळ माणसाचा हात. जुना हात आणि आजचा हात शेजारी ठेवले की फरक दिसे. फरक दिसला की औषध सुरू. ते औषध रोग जिथल्या तिथे थांबवत असे, पण थरथर डोळ्यांना दिसण्याआधी दिलं तरच. नंतर त्याचा उपयोग नव्हता. आणि निरोगी माणसाला सहज देऊन टाकावं, इतकं ते साधंही नव्हतं.

त्या दिवशी कमल निमगडेंचा नंबर लागला तेव्हा मांडव जरा शांत झाला. कमलबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी साक्षरता वर्गात अक्षरं शिकवली होती. ऋषीजी त्यांतलेच. चौतिसाव्या वर्षी पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव काढलं, ते कमलबाईंसमोर.

“बाई, नीट वल्हवा जी! डोंगा बुडाला तं जेवण नाई,” मांडवातून कोणी ओरडलं.

“तुझ्या बापाला विचार, बाराखडीत त्याचा डोंगा कितीदा बुडाला होता ते,” मान न वळवता कमलबाई म्हणाल्या. सगळे हसले.

दहा मिनिटांनी आशाताईने पडद्यावरचं वाचून दाखवलं. “हात पूर्वीसारखाच आहे बाई. बदल नाही.”

“बदल नाही म्हणे,” कमलबाई उठल्या. ऋषीजींच्या मुलीने, सानिकाने, मठ्ठ्याचा पेला पुढे केला. बाईंनी उजवा हात पुढे केला, मध्येच थांबल्या आणि पेला डाव्या हाताने घेतला.

ऋषीजींनी ते पाहिलं. मग ते पंगतीची पानं मांडायला वळले. यंत्राने बदल नाही म्हटलं होतं आणि त्या यंत्रातला खेळ त्यांनीच बांधला होता.

बांधला म्हणजे असं. ‘डोंगा’ची दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती येई. प्रत्येक आवृत्तीतली नदी निराळी वाहायची. आवृत्ती पाच खेळणारा आवृत्ती तीनच्या नदीत उतरूच शकत नसे. कोणाला जुनी आवडे, कोणाला नवी. तालुक्याच्या वाचनालयांत आणि शाळांत जुने संगणक होते, त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चाले. त्या संगणकांवर तीनपासून नऊपर्यंतच्या सातही आवृत्त्या एकमेकींच्या पायात न येता नांदाव्यात, अशी बांधणी करून द्यायला माणूस लागतो. इंग्रजीत त्याला पॅकेज करणं म्हणतात. ऋषीजी पुडा म्हणत. लहानपणापासून त्यांनी तेंदूपत्ता तोडला होता. पानं निवडायची, एकावर एक रचायची, पळसाच्या सालीच्या दोराने पुडा बांधायचा. अक्षरं आली, वाचनालयात झाडलोटीचं काम मिळालं आणि तिथल्या टाकाऊ संगणकांवर ते हे दुसरे पुडे बांधायला शिकले. याला वीस वर्षं लागली. आता देशोदेशीचे लिनक्सवाले ऋषीजींचे पुडे उतरवून घेत.

आवृत्ती तीन मात्र ते कमलबाईंसाठी सांभाळत. तीनमध्ये एका डोंग्यात दोघं बसत, एक पुढे, एक मागे. चौथीपासून लिहिणाऱ्यांनी ते काढून टाकलं. प्रत्येकाला आपला आपला डोंगा.

“एकट्याने वल्हवायला मी काय मासोळ्या धरायला चालली?” बाई म्हणाल्या होत्या. “मला तीनच पाहिजे.”

म्हणून दर बुधवारी दुपारी वाचनालयात दोघं तीनमध्ये बसत. बाई पुढे, ऋषीजी मागे.

जावळानंतरच्या तिसऱ्या बुधवारी बाईंनी दांडी हातात घेतलीच नाही.

“आज खेळायचं नाही. आज बघायचं,” त्या म्हणाल्या. “जातं पार केलं त्याला दहा वर्षं झाली ना?”

‘जातं’ हा नदीतला मोठा भोवरा. ते नाव ऋषीजींनीच मराठी करताना दिलेलं. ९ मार्च २०३६ ला दोघांनी तो भोवरा एकदाच पार केला होता. त्यानंतर कितीदा बुडाले ते मोजलंही नाही.

“दहा वर्षांत कधी पाहिलं नाही, आता काहून पाहायचं?” ऋषीजींनी विचारलं.

“हात चालत होता तेव्हाचा बघावा वाटते.” बाईंनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. अंगठा आपणहून हलत होता, तीळ चोळावा तसा. “सांगू नको कोणाला. यंत्र म्हणते बदल नाही. मी म्हटलं, यंत्रापेक्षा मी शहाणी आहे का?”

ऋषीजींनी जुनी वल्हेनोंद काढली आणि आवृत्ती तीनवर चालवली. डोंगा घाटावरून निघाला. बाईंचं वल्हं पुढे, ऋषीजींचं मागे. पहिली वळणं ओळखीची होती. बाई पुटपुटत होत्या, “आता डावीकडे. आता थांब.” सहाव्या मिनिटाला डोंगा जिथे असायला हवा होता, त्याच्या हातभर बाजूला दिसला. आठव्या मिनिटाला जातं आलं. बाईंचं वल्हं नेमक्या लयीत पडत राहिलं, पण खडक आता पुढ्यातच होता. डोंगा आपटला, उलटला, आणि मग रिकाम्या पाण्यात दोन वल्ही पुढे दोन मिनिटं आपली चालतच राहिली.

बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“ऋषी,” त्या म्हणाल्या, “आपण बुडालो नव्हतो.”

“नाई, बाई.”

“त्या दिवशी तू सगळ्या वाचनालयाला चिवडा वाटला होता.”

“हाव.”

“मग हे कोणाचं चालून राहिलं?”

ऋषीजींनी नोंद पुन्हा चालवली. पुन्हा तिथेच बुडाले. तिसऱ्यांदाही तिथेच. यंत्र दर वेळी तेच दाखवत होतं, म्हणजे नोंद बिघडली नव्हती. हात तेच होते. बदलली होती ती नदी.

मग त्यांना आठवलं. पाण्याची ओढ, वाऱ्याचा रेटा, काठाची अडवणूक, हे सगळं मोजून देणारा एक भाग प्रत्येक आवृत्तीसोबत येई. त्याला ते गणितसंच म्हणत. सात आवृत्त्या म्हणजे सात गणितसंच. खेड्यांतल्या संगणकांवर जागा पुरेना. तेव्हा २०४३ मध्ये ऋषीजींनी सहा जुने संच काढले आणि सातही आवृत्त्या नववीच्या नव्या संचाला जोडून दिल्या. एकाच दोराने सगळे पुडे. जगभरचे पुडे जिथे ठेवतात ते मुख्य भांडार सांभाळणाऱ्या पोर्तुगालच्या इनेसने तेव्हा कौतुकही केलं होतं, की तुमचा पुडा निम्म्यावर आला. सातही आवृत्त्या उघडल्या, खेळल्या, काही अडलं नाही. नवा संच दशांशाच्या नवव्या घरात जरा निराळं मोजत होता. आज खेळणाऱ्याला त्याने काही होत नव्हतं, कारण त्याची नदी आणि त्याची नोंद दोन्ही आजचीच. पण जुन्या नदीवरची जुनी नोंद नव्या गणितावर चालवली, तर हात पडे त्या जागी पाणी नसे.

तेंदूचे पुडे मोजून घेतात त्या फडीवर ठेकेदाराचा माणूस वरून पुडे बघून पुढे सरकत असे. हुशार तोडणारे आत फाटकी पानं दडपत. ऋषीजींना त्या लोकांचा राग येई. आता त्यांनी स्वतःचे सात पुडे वरवर पाहून पुढे सरकवले होते.

“बाई,” ते म्हणाले, “दवाखान्यातला वाचक माह्याच पुड्यावर चालते.”

कमलबाईंना कळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं त्यांनी इतरांच्या पाटीवरच्या चुका पाहिल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, डाव्या हाताने पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मीनल गेडाम यांनी आधी मान हलवली. “काका, डोंगा खडकावर आपटला असता तर आमच्या वाचकाने ओरडून सांगितलं असतं.”

“तुमचा वाचक किती वेळ बघते?”

“पहिली दोन मिनिटं.”

“दोन मिनिटांत चूक केसाएवढी आहे जी. आपटायला आठ लागतात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी स्वतःच हळूहळू बोलत मांडलं. “म्हणजे जुनी नदी चुकीची वजा होते. मग ती केसाएवढी चूक हाताच्या खात्यात जाते. जुना हात होता त्यापेक्षा डळमळीत दिसतो. आणि आजचा हात खरंच डळमळीत झाला असेल, तर...”

“तर दोन्ही सारखे दिसतात,” ऋषीजी म्हणाले. “बदल नाही.”

“किती जणांच्या नोंदी २०४३ च्या आधीच्या आहेत?”

“तुमच्या यादीत अडतीस. आशाताईकडून मोजून आणलं जी.”

पुडे पुन्हा बांधायला त्यांना सहा दिवस लागले. प्रत्येक आवृत्तीला तिचा तिचा गणितसंच. जागा लागली तर लागू दे. या वेळी त्यांनी प्रत्येक आवृत्तीत एक जुनी नोंद शेवटपर्यंत चालवून पाहिली, डोंगा घाटाला लागेपर्यंत उठले नाहीत. आवृत्ती तीनमध्ये त्यांनी ९ मार्चची नोंद लावली. सहाव्या मिनिटाला डोंगा हवा तिथे होता. आठव्या मिनिटाला जात्याच्या कडेने सरकला आणि पार झाला. हे पाहताना त्यांना आनंद व्हायला हवा होता.

अडतीस जणांचं वाचन नव्याने झालं. पाच अहवाल बदलले. चौघांना अजून वेळ होता, त्यांचं औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. पाचवा अहवाल कमलबाईंचा. रोग त्यांच्या हातात २०४३ च्या अखेरीला शिरला होता. २०४४ मध्ये दिसला असता, २०४५ मध्येही दिसला असता.

“आता?” ऋषीजींनी विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद सरळ केला. “आता इतर औषधं आहेत. त्रास कमी करतील. थांबवणार नाहीत.”

कमलबाईंनी पुढचे दोन बुधवार दार उघडलं नाही. तिसऱ्या बुधवारी सानिका ऋषीजींच्या नातीला, ओवीला, घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा तिच्यामागून ऋषीजीही आत शिरले आणि दाराशीच उभे राहिले.

“बस,” बाई म्हणाल्या. “पोरीसमोर भांडत नाही म्हणून आणलं का तिला?”

“हाव.”

“बराच शिकला तू.” त्यांनी ओवीच्या जावळानंतर नुकते केस फुटलेल्या डोक्यावरून डावा हात फिरवला. उजवा पदराखाली होता. “मला दोन वर्षं होती, ऋषी. दोन वर्षं माझ्या हातात होती. तू जागा वाचवली.”

ऋषीजी दाराशीच खाली बसले. बाईंनीच विचारलं, “लिहिलं का?”

प्रत्येक पुड्यासोबत एक बदलनोंद असते. काय बदललं, कोणी, कधी. हा त्या धंद्याचा नियम. ती पुसत नाहीत, नवी नोंद जुनीच्या वर चढते, आणि पुडा घेणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात ती जाते. ऋषीजींनी खिशातून कागद काढला. आधी कागदावर लिहायची सवय त्यांना बाईंच्याच वर्गापासूनची.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. ‘सर्व आवृत्त्यांना ज्याचा त्याचा गणितसंच परत जोडला. जुन्या नोंदी आता बरोबर चालतात. ऋषी नन्नावरे.’

“हे तर वाण्याने वजन-काटा बदलल्यासारखं लिहिलं,” त्या म्हणाल्या. “आधी कोणाला कमी मापलं ते कुठे आहे?”

“कसं लिहू जी? जगभर जाते ते.”

“जगभर जाते म्हणूनच लिही. उद्या दुसरा कोणी जागा वाचवायला बसेल ना. त्या चौघांना विचार, ते नाही म्हणाले तर त्यांची नावं नको. माझं टाक.”

“बाई...”

“टाक. आणि माझ्यासमोर लिही.”

ऋषीजींनी तिथेच, त्यांच्या चौकीवर बसून लिहिलं. २०४३ मध्ये सर्व आवृत्त्या मी एकाच संचाला जोडल्या. त्यामुळे पाच माणसांचा आजार वेळेवर कळला नाही. त्यांतल्या एकीला, कमल निमगडे यांना, आता औषध लागू पडणार नाही. त्यांनी मला लिहायला शिकवलं. बाईंनी शेवटचं वाक्य वाचलं, काही क्षण पेन्सिल धरून ठेवली आणि ते खोडलं नाही.

बुधवार पुन्हा सुरू झाले. वर्षभरातच बाईंचा हात दांडीवर टिकेना. तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. आवृत्ती तीनमध्ये दोन आसनांच्या नोंदी वेगळ्या राहत. पुढच्या आसनावर २०३६ ची बाईंची नोंद बसवायची आणि मागे ऋषीजींनी स्वतः वल्हवायचं.

“माझा चांगला हात पुढे बसव,” त्या म्हणाल्या. “मी काठावरून बघते.”

पण नोंद काही बघत नाही, ऐकत नाही. ती त्या दिवशी जशी वल्हवली तशीच वल्हवते. ऋषीजींचं वल्हं त्या दिवसापेक्षा जरा लवकर पडलं, की बाईंचा तो स्थिर, नेमका हात डोंगा सरळ खडकात नेई. ऋषीजींना आता दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःसारखं वल्हवायला लागत होतं.

“पुन्हा चुकला,” खुर्चीतून बाई म्हणत. “पाटीवर गिरवतो तसं गिरव ना, बापा. अक्षर तयारच आहे.”

ते गिरवत राहिले. पाच वर्षांत जातं एकदाही पार झालं नाही. बाईंचं बोलणं कमी झालं, मग फक्त भुवया उरल्या. चुकलं की एक भुवई वर जाई.

२०५२ च्या नोव्हेंबरात इनेसचं पत्र आलं. तिने अदबीने लिहिलं होतं, की मुख्य भांडारात जागा करायची आहे, आवृत्ती तीन आता जगात कोणी खेळताना दिसत नाही. बुधवारी दुपारी तासभर एक डोंगा उतरतो, तेवढाच. त्यात पुढच्या आसनावर माणूस नसतो, नोंद असते. तरी नियमाप्रमाणे विचारते, या आवृत्तीचे खेळाडू किती लिहू? शून्य असेल तर ती काढावी लागेल.

ऋषीजींनी पत्र दोनदा वाचलं. मग आवृत्ती तीन उघडली, बाईंचा हात पुढे बसवला आणि मागे दांडी धरली. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, त्या जावळाच्या दिवशी बाई होत्या तेवढे. सहावं मिनिट बरोबर गेलं. आठव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले आणि फक्त पुढच्या वल्ह्याच्या आवाजावर आपलं वल्हं टाकलं. डोळे उघडले तेव्हा जातं मागे पडलं होतं. बाईंचं वल्हं पुढे संथ चालत होतं. त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, ते त्यांना माहीत होतं.

खेळाडू किती लिहायचे, एक की दोन? संध्याकाळपर्यंत त्यांना ते ठरवता आलं नाही. शेवटी त्यांनी इनेसला आकडा पाठवलाच नाही. पुड्याच्या बदलनोंदीत सगळ्यांत वर दोन ओळी चढवल्या आणि खाली नाव घातलं.

‘आवृत्ती तीन काढू नये. पुढच्या आसनावरच्या कमल निमगडे १४ ऑगस्ट २०५२ रोजी सकाळी सिंदेवाहीत वारल्या.’